जमीन स्वस्त आहे तोवर : तालुक्याच्या गावातलं सहकारी घर

पाचोऱ्यात नव्याने नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खोली कुठे घेतली? आणि प्लॉट कधी घेताय? पहिला प्रश्न भाड्याचा, दुसरा मालकीचा. खोली म्हणजे तात्पुरता नाइलाज, प्लॉट म्हणजे मार्गी लागल्याची खूण, असा आपला साधा हिशेब असतो. या दोन्हींच्या मध्ये तिसरंही काही असू शकतं, हे विचारणाऱ्याच्या मनात नसतं आणि उत्तर देणाऱ्याच्याही.

ही पुस्तिका त्या तिसऱ्या पर्यायाबद्दल आहे. वीस-पंचवीस कुटुंबांनी एकत्र येऊन संस्था नोंदवायची, संस्थेच्या नावावर जमीन घ्यायची, संस्थेनेच घरं बांधायची आणि प्रत्येक कुटुंबाने सभासद म्हणून त्यात राहायचं. महिन्याला जे भरायचं ते आपल्याच संस्थेला. घर खाली करा म्हणणारा घरमालक नाही, आणि भाव आला म्हणून घर फुंकून टाकण्याची सोयही नाही. कल्पना जुनी आहे, कायद्यात बसलेली आहे आणि महाराष्ट्रात ती शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आलेली आहे. तरीही तालुक्याच्या गावात तिची चर्चा होत नाही. 'सोसायटी म्हणजे मुंबई-पुण्याचं काम, आपल्याकडे जमीन काय कमी आहे?' असं म्हणून विषय संपतो. या प्रस्तावनेत मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. सहकारी घराची खरी वेळ जमीन महाग झाल्यानंतरची नसते, त्याआधीची असते. म्हणूनच हा विषय आज मुंबईपेक्षा पाचोऱ्याचा जास्त आहे.

आधी गावाकडे पाहू. हिवरा नदीकाठचं, मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं हे गाव कापसाच्या बाजारावर वाढलं. जामनेरकडे जाणारी 'पीजे' ही छोटी गाडी शंभर वर्षं इथून धावली. बाजार समिती, एसटीचा आगार, महाविद्यालय, दवाखाने, बँका, तालुक्याची कचेरी असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं इथे येत राहिली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात होती. जुन्या गावात धाब्याची घरं होती, त्यांच्या जागी स्लॅब आले. मग भडगाव रस्त्याने, जारगाव चौफुलीकडे, पुनगावच्या बाजूने शेतं बिनशेती होऊ लागली. ज्या वावरात कपाशी उभी असायची तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खांब रोवले गेले आणि ले-आऊटचा फलक लागला.

यातले कितीतरी प्लॉट राहण्यासाठी घेतलेलेच नसतात. कापसाचे पैसे आले, मुलाला नोकरी लागली, निवृत्तीची रक्कम हाती आली, की प्लॉट घेऊन ठेवायचा, हा इथला बचतीचा मार्ग आहे. बँकेपेक्षा जमिनीवर भरवसा जास्त. त्यामुळे मंजूर ले-आऊटमध्ये रस्ते आहेत, दिव्याचे खांब आहेत आणि मध्ये काटेरी बाभळी माजलेले रिकामे प्लॉट आहेत. त्याच वेळी गावात दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहत आहेत. जमीन पुरेशी आहे, घरं अपुरी आहेत, कारण जमीन अशा हातांत जाते ज्यांना तिथे राहायचं नाही.

भाड्याने राहणारा माणूस कोण? बाजार समितीतला हमाल-मापाडी, जिनिंगमधला कामगार, दुकानातला नोकर, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, बदलीवर आलेला कर्मचारी, खेडं सोडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेलं शेतकरी कुटुंब, नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणारी बाई. घर म्हणजे मालकाच्या वाड्यामागच्या नाहीतर माडीवरच्या दोन खोल्या. विजेला सबमीटर, त्याचा दर मालक सांगेल तो. नळाची वेळ मालकाची, गच्चीची किल्ली मालकाकडे. करार अकरा महिन्यांचा, बऱ्याचदा तोंडी. मुलाचं दहावीचं वर्ष असो की घरात बाळंतपण असो, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की खोली सोडायची. ज्यांचा पगार बरा आहे ते जळगावात घर करतात आणि रोज रेल्वेने अप-डाउन करतात. गाव चालवणारी माणसं संध्याकाळच्या गाडीने गाव सोडून जातात, हे पाचोऱ्याचं मोठं नुकसान आहे, फक्त ते कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

हाच पेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत आलेल्या कारकुनांपुढे होता. प्लेगनंतरची मुंबई, चाळीतली कोंदट खोली, वाढतं भाडं. कारवार भागातून आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यांतले एक. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ साली तालमकींनी शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी सुरू केली, ती आज बँक आहे. आधी बचत आणि पत, नंतर घर, हा क्रम त्यांनी पाळला. १९१२च्या कायद्याने पतपुरवठ्याशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. बंगळुरात १९०९ सालीच एक गृहनिर्माण संस्था निघाली होती. मुंबईत १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली.

या संस्थेची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये त्या सुमारास भाडेकरूंच्या भागीदारीची चळवळ जोरात होती. लंडनजवळ ईलिंगच्या भाडेकरूंनी १९०१ साली अशी संस्था काढली होती. तोच नमुना मुंबईत आला. जागा आणि इमारत संस्थेची. सभासद भाग घेतो, म्हणजे भांडवलात वाटा उचलतो, आणि राहत्या घराचं भाडं संस्थेला देतो. त्या भाड्यातून कर्ज फिटतं, दुरुस्ती होते, निधी साठतो. भाडं ठरवणारे आणि भाडं भरणारे तेच लोक. तालमकींचं नाव पुढे ताडदेवच्या तालमकीवाडीला मिळालं. गिरगाव-ताडदेवच्या कारकुनांनी, फारसं भांडवल हाताशी नसताना, घरमालक ही व्यक्तीच मधून काढून टाकली होती.

पुढे काय झालं? कायदा वाढला, संस्था वाढल्या, मात्र मूळ कल्पना पातळ झाली. १९२५चा मुंबई सहकारी संस्था कायदा आणि त्यानंतर १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. त्याखालच्या १९६१च्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे प्रकार दिले आहेत. एक भाडेकरू मालकी संस्था, म्हणजे जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं. दुसरा भाडेकरू सहभागीदारी संस्था, म्हणजे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. हे दोन प्रकार वाचकाने लक्षात ठेवावेत, पुस्तिकेत ते वारंवार येतील.

१९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. बिल्डरने इमारत बांधायची, सदनिका विकायच्या आणि मग घेणाऱ्यांची सोसायटी नोंदवून जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं, असा क्रम रूढ झाला. क्रम उलटला. आधी माणसं, मग संस्था, मग जमीन, मग घर ही तालमकींची वाट होती. आता आधी जमीन बिल्डरची, मग घर, मग एकमेकांना न ओळखणारी माणसं आणि शेवटी संस्था. ती संस्था लिफ्ट, पाणी आणि पार्किंग सांभाळते. जमीन तिच्या नावावर करून द्यायलाही बिल्डर वर्षानुवर्षं टाळाटाळ करत राहिले, म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या आज या प्रकारच्या आहेत. सहकाराची पाटी दारावर आहे, सहकार घर विकत घेतल्यानंतर सुरू होतो आणि वार्षिक सभेतल्या भांडणापुरता उरतो.

पैशाच्या बाजूनेही असाच बदल झाला. पूर्वी कर्ज संस्थेला मिळे. राज्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांना कर्ज देणारं स्वतंत्र वित्त महामंडळ होतं, ते थकबाकीत रुतत गेलं. १९७७ साली एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाला व्यक्तिशः गृहकर्ज मिळण्याचा रस्ता खुला झाला. त्याने लाखो मध्यमवर्गीय कुटुंबांना घर मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कर्ज व्यक्तीला मिळू लागल्यावर गट करण्याची गरज संपली. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, तो हमाल, ती विडी वळणारी बाई, तो टपरीवाला या रांगेत उभाच राहू शकला नाही.

खानदेशात गृहनिर्माण संस्था निघाल्याच नाहीत असंही नाही. जळगाव-धुळ्यात शिक्षकांनी, सरकारी कर्मचाऱ्यांनी, बँकेच्या लोकांनी संस्था काढून शेतजमिनी घेतल्या, ले-आऊट पाडले, सभासदांना प्लॉट वाटले. त्यातून चांगल्या वसाहती उभ्या राहिल्या. मात्र प्लॉट वाटून झाले की संस्थेचं काम संपलं असं सगळ्यांनी धरलं. लेखापरीक्षण थांबलं, निवडणुका थांबल्या, चेअरमन-सेक्रेटरी वारले, दप्तर कोणाच्या तरी माळ्यावर गेलं. आता नातू घर विकायला निघतो तेव्हा कळतं की सातबाऱ्यावर अजून संस्थेचं नाव आहे आणि ना हरकत दाखल्यावर सही करायला कोणी उरलेलं नाही. ओपन स्पेसवर कोणीतरी पत्र्याचं शेड टाकलेलं असतं. प्लॉट वाटणारी संस्था आणि घर सांभाळणारी संस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खानदेशाला पहिलीचा अनुभव आहे, दुसरीचा नाही.

दुसरीचा अनुभव घ्यायचा तर सोलापूरला जावं. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, दिवसाला हजार विड्यांच्या हिशेबावर जगणाऱ्या. घर म्हणजे भाड्याची एक खोली, त्यातच तेंदूची पानं भिजवायची, त्यातच चूल, त्यातच झोप. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली कामगार संघटनेने घराचा प्रश्न हाती घेतला. शहरापासून दूर कुंभारीच्या माळावर, जमीन हाताला येईल अशा भावात असताना, ती घेतली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. घराचा खर्च सुमारे ६०,००० रुपये. एक तृतीयांश केंद्राने, एक तृतीयांश राज्याने आणि एक तृतीयांश कामगार बाईने द्यायचा. दहा हजार घरं बांधून झाली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली.

हे तिथेच थांबलं नाही. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आखलं गेलं. यंत्रमागावरचे कामगार, विडी कामगार, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर हे सगळे त्याचे सभासद. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिली पंधरा हजार घरं दिली गेली. दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांनी, एका तिसऱ्याच विचारसरणीच्या नेत्याने उभ्या केलेल्या वसाहतींत येऊन चाव्या द्याव्यात, हे महाराष्ट्राच्या राजकारणात क्वचित घडतं. गट पक्का असला की सरकार कोणाचंही असो, दार उघडावं लागतं. अर्थात चाव्या मिळाल्या म्हणजे सगळं मिळालं असं झालं नाही. शहरापासून इतक्या लांब पाणी, बस, शाळा, दवाखाना यांसाठी पुढेही झगडावं लागलं. स्वस्त जमीन लांब असते, आणि लांबचा खर्च रोज भरावा लागतो. पाचोऱ्यात हा फरक आपल्या बाजूचा आहे. इथे गावाच्या कडेची जमीनसुद्धा स्टेशनपासून सायकलच्या अंतरावर आहे.

मुंबईचं उदाहरण उलट बाजू दाखवतं. गोरेगावच्या दिंडोशीत मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने सहा हजारांवर घरांची वसाहत उभी केली. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन बिल्डरकडे न जाता सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, ही मागणी होती. ती मान्य करून घ्यायला मोर्चे, न्यायालय, विधानसभा असं सगळं करावं लागलं, कारण तोवर गोरेगावची जमीन सोन्याच्या भावाची झाली होती. वांद्र्याच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ अशा लेखकांना साठच्या दशकात घरं मिळाली ती सरकारी जमिनीमुळे. त्या संस्था चांगल्याच झाल्या. मात्र तशी जमीन आज कोणत्याही शहरात कोणत्याही गटाला सहज मिळणार नाही. एकदा बाजार पुढे निघून गेला की सहकाराला सरकारच्या कृपेची किंवा वीस वर्षांच्या लढ्याची गरज पडते. बाजार मागे असताना पंचवीस कुटुंबांची बचत पुरते.

आता साधा हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या गावाचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत. समजा चोवीस कुटुंबं आहेत आणि जमीन, रस्ते, पाणी आणि ४५० चौरस फुटांचं बांधकाम धरून दर घराला १० लाख रुपये लागतात. सभासदाने २ लाख भरले आणि ८ लाख संस्थेने ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर घराचा हप्ता सुमारे ७,२०० रुपये येतो. देखभाल आणि निधीचे ६०० धरले तर महिना ७,८००. त्याच गावात दोन खोल्यांचं भाडं समजा ४,००० रुपये आहे. म्हणजे सुरुवातीला सहकारी घर जवळजवळ दुप्पट महाग पडतं. हे कोणी लपवू नये. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं तर चौदा वर्षांनी ते ७,८०० ओलांडतं आणि वीस वर्षांनी साडेदहा हजारांपलीकडे जातं. तेव्हा सभासदाचं कर्ज फिटलेलं असतं आणि त्याला फक्त देखभालीचा खर्च उरतो. देखभालही महागत जाणार, म्हणून चौदाची पंधरा वर्षं धरा. पहिली दहा-बारा वर्षं ओढाताणीची आहेत, आणि ज्याला ती झेपणार नाहीत त्याला गळ घालून सभासद करू नये.

प्रधानमंत्री आवास योजनेतून पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अशी मदत मिळाली तर कर्ज साडेपाच लाखांवर येतं, हप्ता पाच हजारांच्या आत येतो आणि भाड्याशी गाठ सातव्या वर्षीच पडते. मात्र ही मदत कुटुंबाच्या, त्यातही घरातल्या बाईच्या किंवा दोघांच्या नावावरच्या घराला मिळते. सगळंच संस्थेच्या नावावर ठेवू म्हटलं तर इथे अडचण येते. अशा गटाने पहिला प्रकार घ्यावा : जमीन संस्थेची, घर सभासदाचं. तेवढ्यानेही मुख्य काम होतं. जमीन कायमची विक्रीच्या चक्रातून बाहेर पडते.

या शेवटच्या वाक्यावर अधिक बोललं पाहिजे, कारण सहकारी घर पुढच्या पिढीपर्यंत सहकारी राहतं की नाही, ते यावर ठरतं. स्वीडनमध्ये १९२३ पासून एचएसबी ही सहकारी चळवळ घरं बांधते आहे. तिथे सभासदाने हक्क किती किमतीला विकावा यावर पूर्वी बंधन होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस ते उठलं, आणि आज स्टॉकहोममधलं सहकारी घर बाजारातल्या घराइतकंच महाग आहे. उलट झुरिचमध्ये सभासद घर सोडतो तेव्हा त्याला त्याचे भाग मूळ किमतीला परत मिळतात, वर नफा नाही. तिथली सुमारे पाचव्या हिश्श्याची घरं आजही सहकारी आहेत आणि त्यांचं भाडं बाजारापेक्षा बरंच कमी आहे. पहिल्या पिढीने नफा सोडला म्हणून तिसऱ्या पिढीला घर मिळालं. आपल्याकडे पन्नास रुपयांचे दहा भाग असलेला पाचशे रुपयांचा दाखला हातात घेऊन माणूस पन्नास लाखांचा सौदा करतो. दाखला सहकाराचा, भाव बाजाराचा. नव्या संस्थेने सभासद बाहेर पडताना काय मिळेल, हे पहिल्याच सभेत ठरवावं. घातलेले पैसे, त्यावर ठरलेलं व्याज, केलेल्या सुधारणांची घसारा वजा किंमत, एवढं द्यावं. घर मात्र प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जावं. हे मान्य नसलेल्या माणसाने सरळ प्लॉट घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही.

ज्यांच्याकडे भरायला २ लाखही नाहीत त्यांच्यासाठी उरुग्वेचं उदाहरण पुस्तिकेत सविस्तर दिलं आहे. तिथे १९६८च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर श्रमाच्या सहकारी संस्थांना मान्यता दिली आणि १९७० साली त्यांचा महासंघ झाला. प्रत्येक कुटुंब आठवड्याला एकवीस तास बांधकामावर काम करतं. श्रम हाच त्याचा भाग. कोणतं घर कोणाचं हे बहुधा काम संपेपर्यंत ठरत नाही, त्यामुळे सगळीच घरं सारख्या काळजीने बांधली जातात. आपल्याकडे बांधकामावर राबणारी कितीतरी कुटुंबं स्वतः भाड्याने राहतात. त्यांच्या हातातलं कौशल्य हे भांडवल आहे, हे आपल्या कागदांत अजून कुठे नोंदलं जात नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न. खानदेशी माणूस सहकारावर विश्वास का ठेवील? गेल्या वीस वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्था बुडाल्या, ठेवीदार म्हातारे पावत्या घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. शेजारच्या चाळीसगावचा बेलगंगा सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि शेवटी विकला गेला. 'सहकार म्हणजे चेअरमनचं घर' असं लोक उघड बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात अनुभव आहे. या शंकेला भाषणाने उत्तर देता येत नाही. पण एक भेद करता येतो. पतसंस्थेत ठेवीदार पैसे ठेवतो आणि घरी जातो. पैसा कुठे गेला हे त्याला वर्षाच्या अहवालात, तेही छापलं तर, कळतं. गृहनिर्माण संस्थेत पैसा विटेत आणि सळईत दिसतो, आणि सभासद त्याच आवारात झोपतो. चोवीस घरांची संस्था छोटी असते, तिथे तोंडं ओळखीची असतात. धोका मोठेपणाने येतो. म्हणून पुस्तिकेचा आग्रह छोट्या संस्थांवर आहे.

आणि याच गावात उलटाही दाखला आहे. पाचोऱ्याच्या शिक्षणाचा मोठा भाग ज्या संस्थेने उभा केला, ती 'पीटीसी', म्हणजे पाचोरा तालुका सहकारी शिक्षण संस्था. एम. एम. महाविद्यालय तिचंच. शाळा-कॉलेज सहकारी संस्थेने चालवावं ही गोष्ट इतर तालुक्यांत सहसा दिसत नाही, इथे ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाला तिचं नवल वाटत नाही. मुलांची शाळा सभासदांच्या संस्थेची असू शकते हे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्या गावाला घर संस्थेचं असू शकतं हे समजायला जड जाऊ नये.

सभासद कोणाला करायचं, हा दुसरा अवघड विषय. तालमकींची संस्था एका जातीची होती, आणि त्या काळी विश्वास जातीच्या आधाराने उभा राहिला, हे खरं आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. कायद्याने चालतं म्हणून ते करावं असं नाही. आपल्या गावांतल्या कॉलन्या आधीच जातवार पडल्या आहेत. कोणत्या आडनावाला कुठे खोली मिळत नाही हे भाडेकरूंना पाठ असतं. एकट्या बाईला, मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला खोली शोधताना जे ऐकावं लागतं ते नव्या संस्थेच्या दारातही ऐकावं लागणार असेल, तर एका घरमालकाच्या जागी चोवीस घरमालक आले एवढंच होईल. गट कामाच्या आधारावर बांधावा : हमाल-मापाडी, एसटीतले कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा. सोलापूरने हेच केलं, तिथे सभासदत्वाचा आधार विडी होती. सभासदत्व पती-पत्नी दोघांच्या नावे असावं, म्हणजे एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढण्याचा प्रश्न निदान कागदावर तरी मिटतो.

या पुस्तिकेत पुढे नोंदणीचे टप्पे, उपविधी, जमीन तपासण्याचे कागद, बिनशेती आणि नकाशा मंजुरी, कर्जाचे मार्ग, लेखापरीक्षण आणि भांडणं मिटवण्याच्या रीती दिल्या आहेत. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, त्याचीही ओळख आहे. वाचताना घाईने जमिनीच्या प्रकरणावर उडी मारू नये. बहुतेक गट तिथेच फसतात. कोणीतरी वावर दाखवतो, इसार दिला जातो, आणि मग माणसं गोळा करायला सुरुवात होते. तालमकींचा क्रम पाळावा. आधी वर्षभर बचत. भिशी आपल्या बायकांना चांगली माहीत आहे. तीच शिस्त, पण पैसे बँकेत, गटाच्या नावावर, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, आणि त्याच दिवशी सगळ्यांसमोर हिशेबाचं वाचन. बारा महिन्यांत कोण वेळेवर भरतं, कोण कारणं सांगतं, हिशेब लिहिणारा कंटाळतो का, अडचणीत आलेल्या एकाला बाकीचे सांभाळून घेतात का की त्याला वगळतात, हे सगळं दिसतं. ज्या गटाला हे एक वर्ष जमलं नाही त्याने जमीन घेऊ नये, आणि ज्याला जमलं त्याने सहायक निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढायला उशीर करू नये. पीजेच्या जागी ब्रॉडगेज येते आहे, आणि रूळ पडण्याआधीच भाव चढतात हे प्लॉटवाल्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं.